मॉकवरचे कॉल कसे मोजावेत : जावाच्या युनिट टेस्टसाठी मॉकिटोच्या व्हेरिफायची ओळख

युनिट टेस्ट लिहायला शिकताना आपण सर्वप्रथम मेथडने परत दिलेले मूल्य तपासायला शिकतो, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रत्येक प्रकल्पात अशा काही मेथड असतात, ज्यांचे खरे काम परत दिलेल्या मूल्यात दिसत नाही. त्या दुसऱ्या कोणत्या तरी सेवेला काम सांगतात आणि मोकळ्या होतात. एसएमएस पाठवणे, खात्यातून रक्कम वळती करणे, रांगेत संदेश टाकणे ही अशी कामे आहेत. येथे सेवेला सांगितले गेले का, एवढे तपासून भागत नाही, तर किती वेळा सांगितले गेले हेही तपासावे लागते, कारण एकाच बिलासाठी ग्राहकाला दोन एसएमएस गेले किंवा एकाच व्यवहाराची रक्कम दोनदा कापली गेली, तर प्रोग्रामने कोणतीही एरर न देता चूक केलेली असते. त्यासाठी टेस्टमध्ये खऱ्या सेवेच्या जागी मॉक, म्हणजे आपल्यावर झालेल्या कॉलची नोंद ठेवणारा तोतया ऑब्जेक्ट, ठेवतात आणि त्याच्यावरचे कॉल मोजतात. जावामध्ये ही मोजणी करण्यासाठी मॉकिटो ही लायब्ररी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते आणि हा लेख तिच्यापुरताच मर्यादित आहे.

संपूर्ण लेखात एकच उदाहरण वापरू. बिलस्मरण नावाचा एक क्लास आहे. त्याच्या कळवा या मेथडला ग्राहक दिला की ती संदेशसेवा या इंटरफेसची पाठवा ही मेथड कॉल करते. पाठवा या मेथडला मोबाइल क्रमांक आणि मजकूर अशी दोन अर्ग्युमेंट लागतात, आणि संदेश गेला तर ती ट्रू, न गेल्यास फॉल्स परत देते. नियम तीन आहेत: बिल भरलेले असेल तर संदेश पाठवायचा नाही, बिल थकलेले असेल तर एक संदेश पाठवायचा, आणि संदेश गेला नाही तर पुन्हा प्रयत्न करायचा, मात्र पहिला प्रयत्न धरून एकूण 3 पेक्षा जास्त प्रयत्न करायचे नाहीत.

कोडच्या ओळी येथे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. जावाचे कीवर्ड आणि मॉकिटोच्या मेथडची नावे प्रत्यक्ष फाइलमध्ये रोमन लिपीतच लिहावी लागतात. संदेशसेवा, पाठवा यांसारखी आपण ठेवलेली नावे मात्र जावा देवनागरीतही स्वीकारते.

तयारी

मेव्हन किंवा ग्रेडल या बिल्डच्या साधनांच्या फाइलमध्ये मॉकिटो-कोअर आणि टेस्ट चालवणाऱ्या जेयुनिट 5 साठीचे मॉकिटो-जेयुनिट-ज्युपिटर या दोन डिपेंडन्सी टेस्टच्या स्कोपमध्ये जोडाव्यात. मॉकिटो 5 साठी किमान जावा 11 लागते. प्रकल्प अजून जावा 8 वर असेल तर मॉकिटो 4 वापरावे. जुन्या लेखांमध्ये फायनल क्लास मॉक करण्यासाठी मॉकिटो-इनलाइन नावाची वेगळी डिपेंडन्सी जोडायला सांगितलेले आढळते. मॉकिटो 5 मध्ये ती सोय मुळातच चालू असल्यामुळे तिची गरज राहिलेली नाही. त्यानंतर मॉकिटो या क्लासमधील मेथड स्टॅटिक इम्पोर्ट कराव्यात, म्हणजे व्हेरिफाय, टाइम्स, नेव्हर ही नावे थेट लिहिता येतात.

मॉक तयार करण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे मॉक(संदेशसेवा.क्लास) असा थेट कॉल करणे, दुसरा म्हणजे फील्डवर @मॉक हे अ‍ॅनोटेशन लावणे. दुसऱ्या मार्गात टेस्टच्या क्लासवर @एक्स्टेंडविथ(मॉकिटोएक्स्टेन्शन.क्लास) लिहावे; अ‍ॅनोटेशनवरून मॉक तयार करण्याची कोणतीच व्यवस्था नसेल, तर फील्ड नल राहते आणि टेस्ट नलपॉइंटरएक्सेप्शन देऊन थांबते. सुरुवातीला थेट कॉलचा मार्ग घ्यावा, कारण त्यात काय घडते आहे ते डोळ्यांसमोर राहते.

पहिली टेस्ट आणि तिचे अपयश

थकबाकी असलेल्या ग्राहकाला नेमका एक संदेश जातो, ही टेस्ट प्रथम लिहू:

संदेशसेवा सेवा = मॉक(संदेशसेवा.क्लास);
बिलस्मरण स्मरण = न्यू बिलस्मरण(सेवा);
स्मरण.कळवा(थकबाकीदार);
व्हेरिफाय(सेवा).पाठवा(मोबाइल, मजकूर);

शेवटची ओळ नीट वाचावी. व्हेरिफाय या मेथडला फक्त मॉक द्यायचा असतो आणि तिचा कंस बंद झाल्यावर, बाहेर, पाठवा ही मेथड लिहायची असते. नवीन मंडळींच्या हातून पुष्कळदा व्हेरिफाय(सेवा.पाठवा(मोबाइल, मजकूर)) असे लिहिले जाते. तसे केल्यास पाठवा हा एक खराच कॉल ठरतो आणि त्याने परत दिलेले मूल्य व्हेरिफायकडे जाते; ते मूल्य मॉक नसल्यामुळे मॉकिटो नॉटअमॉकएक्सेप्शन देते आणि कंसाची जागा तपासायला सांगते. नुसते व्हेरिफाय(सेवा), असे अर्धवट लिहून पुढे गेल्यास मात्र परिस्थिती अधिक फसवी होते, कारण त्याच ओळीवर काहीच घडत नाही आणि अनफिनिश्डव्हेरिफिकेशनएक्सेप्शन हे पुढे कधी तरी, मॉकिटोचा पुन्हा वापर होतो तेव्हा, एखाद्या निर्दोष टेस्टमध्येही डोके वर काढू शकते. असे एक्सेप्शन दिसल्यास त्याच्या मजकुरात दिलेली मूळ ओळ शोधावी. ज्या टेस्टमध्ये ते दिसले, तिच्यात वेळ घालवू नये.

आता टेस्ट चालवली, तर ती लाल होते, म्हणजे अयशस्वी ठरते (यशस्वी टेस्ट हिरवी दिसते). मॉकिटो टूमेनीअ‍ॅक्च्युअलइन्व्होकेशन्स ही एरर देते, जिचा आशय असा असतो की हा कॉल 1 वेळा अपेक्षित होता, प्रत्यक्षात 3 वेळा झाला. आणि त्याखाली ज्या ओळीवरून कॉल झाला, तिचा पत्ता दिलेला असतो. क्लासमध्ये चूक आहे असे वाटते, पण तसे नाही. मॉकला आपण काहीही शिकवलेले नसल्यामुळे तो बूलियन परत देणाऱ्या मेथडमधून फॉल्स देतो. बिलस्मरणने त्या फॉल्सचा अर्थ संदेश गेला नाही असा घेतला आणि नियमाप्रमाणे आणखी दोनदा प्रयत्न केला. न शिकवलेला मॉक संख्येच्या जागी 0, ऑब्जेक्टच्या जागी नल, लिस्टच्या जागी रिकामी लिस्ट आणि ऑप्शनलच्या जागी रिकामा ऑप्शनल देतो, ही माहिती पाठ असावी, कारण मोजणीतील अनपेक्षित आकड्यांचे मूळ अनेकदा याच आपोआप दिलेल्या मूल्यांत सापडते.

म्हणून कळवा कॉल करण्याच्या आधी मॉकला उत्तर शिकवावे लागते, म्हणजेच स्टब करावे लागते:

व्हेन(सेवा.पाठवा(मोबाइल, मजकूर)).देनरिटर्न(ट्रू);

येथे कोणाच्याही मनात शंका येईल की व्हेनच्या कंसात लिहिलेला कॉलही मोजला जातो की काय. तो मोजला जात नाही; स्टब पूर्ण होताच मॉकिटो तो कॉल आपल्या नोंदीतून काढून टाकते. ही ओळ जोडल्यावर टेस्ट हिरवी होते.

आकडा न लिहिता केलेले व्हेरिफाय(सेवा) आणि व्हेरिफाय(सेवा, टाइम्स(1)) यांचा अर्थ एकच आहे. साधे व्हेरिफाय म्हणजे निदान एकदा तरी, असा समज बराच पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. त्याचा अर्थ नेमके एकदा असाच होतो. तरीही, जेथे एकदाच हा नियमाचा भाग आहे, तेथे मी टाइम्स(1) स्पष्ट लिहावे अशा मताचा आहे. ते लिहिल्याने यंत्राच्या दृष्टीने काही बदलत नाही, परंतु सहा महिन्यांनी टेस्ट वाचणाऱ्या सहकाऱ्याला हा आकडा जाणूनबुजून लिहिला आहे हे कळते.

पुन्हा प्रयत्नांची मोजणी

मोजणीचा खरा उपयोग तिसऱ्या नियमात होतो. एकच मेथड दर वेळी वेगळे उत्तर देईल अशी व्यवस्था करण्यासाठी देनरिटर्नला एकापाठोपाठ मूल्ये देता येतात:

व्हेन(सेवा.पाठवा(मोबाइल, मजकूर)).देनरिटर्न(फॉल्स, ट्रू);
स्मरण.कळवा(थकबाकीदार);
व्हेरिफाय(सेवा, टाइम्स(2)).पाठवा(मोबाइल, मजकूर);

पहिल्या कॉलला फॉल्स आणि दुसऱ्याला ट्रू मिळते; यादी संपल्यावरही कॉल होत राहिले, तर शेवटचे मूल्य पुन्हा पुन्हा मिळत राहते. ही टेस्ट दोन गोष्टी एकदम सांगते: पहिला प्रयत्न फसल्यावर क्लास थांबला नाही, आणि दुसरा यशस्वी झाल्यावर मात्र थांबला. यातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे, कारण लूपमधून बाहेर पडायला विसरलेला प्रोग्राम ग्राहकाला तेच बिल दोनदा कळवतो.

यानंतर सतत फॉल्स देणारा स्टब लिहून टाइम्स(3) ची टेस्ट लिहावी. लूपची अट लिहिताना कमी किंवा समान यातील समान हा भाग चुकून राहिला किंवा चुकून शिरला, तर प्रयत्न 2 किंवा 4 होतात. ही चूक डोळ्यांनी कोड वाचताना सहज निसटते. ही टेस्ट मात्र ती पकडते. येथे अ‍ॅटलीस्ट(1) किंवा अ‍ॅटमोस्ट(3) लिहून समाधान मानू नये. अ‍ॅटमोस्ट(3) हे 0 कॉल झाले तरी समाधानी असते, म्हणजे क्लासने एकही प्रयत्न केला नाही तरी टेस्ट हिरवीच राहील. या सैल मोजमापांचा उपयोग नेमका आकडा आपल्या नियमाचा भाग नसतो तेव्हाच करावा, उदाहरणार्थ लॉगची नोंद निदान एकदा झाली पाहिजे, किंवा कॅशे असल्यामुळे डेटाबेसकडे जास्तीत जास्त एकदा जावे, अशा ठिकाणी.

कॉल न झाल्याची खात्री

बिल भरलेल्या ग्राहकाला संदेश जाऊ नये, या नियमासाठी नेव्हर वापरावे. ते टाइम्स(0) चेच दुसरे रूप आहे. परंतु येथे अर्ग्युमेंटकडे विशेष लक्ष द्यावे लागते. मॉकिटो जेव्हा कॉल मोजते, तेव्हा त्या मेथडचे सर्व कॉल मोजत नाही. आपण लिहिलेल्या अर्ग्युमेंटशी इक्वल्सने जुळणारेच कॉल मोजते. त्यामुळे

व्हेरिफाय(सेवा, नेव्हर()).पाठवा(मोबाइल, "आपले बिल थकले आहे");

ही टेस्ट हिरवी असूनही ग्राहकाला संदेश गेलेला असू शकतो. मजकुरात शेवटी एक पूर्णविराम जास्त असला, तरी तो वेगळा कॉल ठरतो आणि आपली तपासणी त्याला ओलांडून जाते. टाइम्स(1) मध्ये अर्ग्युमेंट जितकी नेमकी तितकी टेस्ट कडक होते; नेव्हरमध्ये बरोबर उलट होते, अर्ग्युमेंट जितकी मोकळी तितकी टेस्ट कडक होते. म्हणून नकार तपासताना मॅचर, म्हणजे नेमक्या मूल्याऐवजी कोणती मूल्ये चालतील हे सांगणाऱ्या मेथड, वापरावेत:

व्हेरिफाय(सेवा, नेव्हर()).पाठवा(एनी(), एनी());

एनी() नलसह सर्व काही स्वीकारते. एनीस्ट्रिंग() मात्र मॉकिटो 2 पासून नल स्वीकारत नाही, त्यामुळे मोबाइल क्रमांकच नल असलेला कॉल एनीस्ट्रिंग() लिहिलेल्या नेव्हरमधून निसटतो. ओव्हरलोड केलेल्या मेथडचाही असाच धोका आहे: पाठवा याच नावाची तीन अर्ग्युमेंटची दुसरी मेथड असेल, तर तिचे कॉल वेगळे मोजले जातात. संपूर्ण मॉकला कोणी हातही लावलेला नाही असे म्हणायचे असेल, तर व्हेरिफायनोइंटरॅक्शन्स(सेवा) ही एकच ओळ पुरते. जुन्या कोडमध्ये दिसणारे व्हेरिफायझिरोइंटरॅक्शन्स मॉकिटो 4 मध्ये काढून टाकण्यात आले आहे.

मॅचर वापरताना एक नियम पाळावाच लागतो. एका अर्ग्युमेंटसाठी मॅचर वापरला, तर त्या कॉलमधील सर्व अर्ग्युमेंटसाठी मॅचरच हवेत. पाठवा(मोबाइल, एनीस्ट्रिंग()) असे लिहिल्यास इनव्हॅलिडयूझऑफमॅचर्सएक्सेप्शन येते. नेमके मूल्य इक्यू(मोबाइल) असे गुंडाळून द्यावे.

एकूण आकडा बरोबर, तरीही वाटप चूक

आता बिलस्मरणमध्ये ग्राहकांची संपूर्ण यादी घेणारी सर्वांना_कळवा अशी मेथड आहे असे समजू, आणि यादीत दोन थकबाकीदार आहेत. सहज सुचणारी टेस्ट अशी असते:

व्हेरिफाय(सेवा, टाइम्स(2)).पाठवा(एनीस्ट्रिंग(), एनीस्ट्रिंग());

लूपमध्ये चुकून दर वेळी पहिलाच ग्राहक घेतला गेला, तर पहिल्याला दोन संदेश जातील, दुसऱ्याला एकही जाणार नाही, आणि ही टेस्ट हिरवी राहील. एकूण कॉल दोनच झाले आहेत, हे तिचे म्हणणे खरेच असते. म्हणून प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी ओळ लिहावी: इक्यू(पहिला_मोबाइल) सह टाइम्स(1), इक्यू(दुसरा_मोबाइल) सह टाइम्स(1), आणि तिसऱ्या कोणाला संदेश गेला नाही हे पाहण्यासाठी वरील एकूण 2 ची ओळही ठेवावी. व्हेरिफाय केल्याने कॉल खर्च होत नाहीत. त्याच नोंदींवर कितीही वेळा वेगवेगळ्या अटींनी प्रश्न विचारता येतात.

यादी मोठी असेल तर कॉलमध्ये आलेली अर्ग्युमेंट टिपून ठेवणारा अर्ग्युमेंटकॅप्टर अधिक सोयीचा पडतो. व्हेरिफायमध्ये मॅचरच्या जागी कॅप्टर.कॅप्चर() लिहावे आणि नंतर कॅप्टर.गेटऑलव्हॅल्यूज() मधून मिळालेली क्रमांकांची लिस्ट अपेक्षित लिस्टशी ताडून पाहावी. कॅप्टर ऑब्जेक्टची प्रत ठेवत नाही, केवळ संदर्भ ठेवतो. त्यामुळे पाठवल्यानंतर त्याच ऑब्जेक्टमध्ये प्रोग्रामने बदल केले असतील, तर कॅप्टर बदललेली अवस्था दाखवतो. क्रमांक आणि मजकूर स्ट्रिंग असल्याने आपल्या उदाहरणात हा प्रश्न उद्भवत नाही, पण एकच ऑब्जेक्ट लूपमध्ये पुन्हा पुन्हा भरून पाठवला जात असेल, तर लिस्टमधील सर्व घटक एकसारखे दिसतात.

दुसऱ्या थ्रेडवरून होणारे कॉल

संदेश पाठवण्याचे काम वेगळ्या थ्रेडवर होत असेल, तर कळवा परत येते तेव्हा पाठवा कॉल झालेलाच असेल याची खात्री नसते, आणि टेस्ट कधी हिरवी, कधी लाल होऊ लागते. अशा वेळी टेस्टमध्ये थ्रेड.स्लीप लिहिण्याचा मोह टाळावा. व्हेरिफाय(सेवा, टाइमआउट(500)) असे लिहिले की मॉकिटो जास्तीत जास्त 500 मिलिसेकंद वाट पाहते, आणि अट पूर्ण होताच लगेच पुढे जाते.

मात्र टाइमआउट(500).टाइम्स(1) हे पहिला कॉल दिसताच समाधानी होते. त्यानंतर 50 मिलिसेकंदांनी चुकून दुसरा कॉल झाला, तर तो त्याला दिसत नाही. दुबार कॉल पकडायचा असेल किंवा कॉल झालाच नाही असे दाखवायचे असेल, तर आफ्टर(500) वापरावे, कारण ते ठरलेला पूर्ण वेळ थांबून मगच मोजते. त्याची किंमत अशी की प्रत्येक टेस्ट निदान तेवढा वेळ घेते, म्हणून शक्य असेल तेथे टेस्टपुरता त्याच थ्रेडवर काम करणारा एक्झिक्युटर क्लासला द्यावा आणि वेळेचा प्रश्नच मिटवावा.

आकडे एका टेस्टमधून दुसरीत जाऊ नयेत

मॉक आपल्या आयुष्यातील सर्व कॉलची नोंद ठेवतो. जेयुनिट 5 प्रत्येक टेस्टसाठी क्लासचा नवा ऑब्जेक्ट बनवते, त्यामुळे साध्या फील्डमधला मॉक दर वेळी नवा असतो. तोच मॉक स्टॅटिक फील्डमध्ये ठेवला, तर मागील टेस्टचे कॉलही पुढील टेस्टमध्ये मोजले जातात, आणि एकटी चालवली की हिरवी, सर्वांबरोबर चालवली की लाल अशी टेस्ट तयार होते. क्लिअरइन्व्होकेशन्स(सेवा) केवळ नोंद पुसते आणि रिसेट(सेवा) नोंदीसोबत स्टबही पुसते. पण या दोहोंची गरज भासली, तर आधी मॉक सामायिक का झाला आहे याचा विचार करावा.

मॉकिटोएक्स्टेन्शन वापरताना आणखी एक अडचण येते. सर्व टेस्टसाठीचा स्टब प्रत्येक टेस्टच्या आधी चालणाऱ्या @बिफोरईच मेथडमध्ये एकत्र लिहिला, तर बिल भरलेल्या ग्राहकाच्या टेस्टमध्ये तो वापरला जात नाही आणि मॉकिटो अननेसेसरीस्टबिंगएक्सेप्शन देते. तक्रार रास्त आहे. स्टब ज्या टेस्टला लागतो, तिच्यातच लिहावा.

काय मोजू नये

मोजणी जमू लागली की प्रत्येक मॉकवर व्हेरिफाय लिहिण्याची सवय लागते, आणि तिला मी ठामपणे विरोध करतो. समजा, बिलस्मरण ग्राहकाची थकबाकी एका रिपॉझिटरीकडून घेते आणि ती रक्कम मजकुरात घालते. मजकुरात बरोबर रक्कम आली, यातच रिपॉझिटरीला विचारले गेले हे सिद्ध झाले. वर रिपॉझिटरीवर टाइम्स(1) लिहिल्यास उद्या कोणी क्लासची अंतर्गत रचना सुधारून रक्कम दोनदा वाचली, तर ग्राहकाच्या दृष्टीने काहीही न बिघडता टेस्ट लाल होईल. माहिती विचारणारे कॉल मोजू नयेत. जगात काही बदल घडवणारे कॉल मोजावेत. विचारणाच महाग असेल, म्हणजे कॅशेसाठी किंवा पैसे आकारणाऱ्या बाहेरच्या सेवेसाठी, तर मात्र ती मोजणे नियमाचा भाग ठरते.

व्हेरिफायनोमोअरइंटरॅक्शन्स बाबतही हेच म्हणता येईल. आपण तपासलेल्या कॉलखेरीज दुसरा एकही कॉल झाला नाही असे ते बजावते, आणि प्रत्येक टेस्टच्या शेवटी लिहिल्यास क्लासमध्ये एक निरुपद्रवी कॉल वाढला तरी डझनभर टेस्ट एकदम मोडतात. रक्कम वळती करणाऱ्या सेवेसारख्या ठिकाणी, जेथे अनाहूत कॉल खरोखर धोक्याचा आहे, तेथेच ते राखून ठेवावे.

टेस्ट लिहून झाल्यावर, कमिट करण्यापूर्वी, बिलस्मरणमधील प्रयत्नांची मर्यादा 3 ऐवजी 4 करावी आणि टेस्ट चालवाव्यात. सतत फॉल्स देणारी टेस्ट लाल झाली पाहिजे. मर्यादा पूर्ववत करून यशानंतर लूप थांबवणारी ओळ काढावी. आता टाइम्स(1) आणि टाइम्स(2) च्या दोन्ही टेस्ट लाल झाल्या पाहिजेत. शेवटी बिल भरले आहे का हे पाहणारी अट काढावी आणि नेव्हरची टेस्ट लाल होते का ते पाहावे. यांपैकी एखादी हिरवीच राहिली, तर तिच्यातील मॅचर आणि स्टब पुन्हा एकेक करून तपासावेत, आणि ती लाल झाल्यावरच काढलेली ओळ परत ठेवावी.